भाऊजींच्या खोलीतली शांतता

आमचे भाऊजी काय करतात, हे चारचौघांत सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. डॉक्टर, सुतार, शिक्षक असं एका शब्दात बसणारं काम त्यांचं नाही. ते गात नाहीत, वाजवत नाहीत. घरात कुणाच्या वाढदिवसाला सगळे टाळ्या पिटून गातात, तेव्हासुद्धा भाऊजी नुसते ओठ हलवतात. पण दुसऱ्यांनी केलेली गाणी जगात जायच्या आधी त्यांच्यावरून शेवटचा हात भाऊजींचा फिरतो. टोचणारा आवाज बोथट करायचा, पोकळ वाटेल तिथे भर घालायची, आठ जणांनी आठ ठिकाणी बसून केलेली गाणी एकाच घरची वाटतील असं बघायचं. याला मास्टरिंग म्हणतात. ताई, म्हणजे माझी बहीण आणि त्यांची बायको, याला इस्त्री म्हणते.

"कपडे दुसऱ्यांचे, मळवले दुसऱ्यांनी, धुतले दुसऱ्यांनी," ती म्हणते. "हे फक्त सुरकुत्या काढून देतात."

त्यांच्या घराच्या तळमजल्यावर, जिन्याखालून आत वळलं की भाऊजींची खोली लागते. पूर्वीचा मालक तिथे रंगाचे डबे ठेवायचा. भाऊजींनी खिडकी विटांनी बुजवली, भिंतींवर जुन्या गाद्या ठोकल्या आणि दाराच्या चारी कडांना भंगारातल्या फ्रिजांची रबरं चिकटवली. ते दार फ्रिजसारखंच 'थप्प' करून लागतं, आणि आत बसलेल्या माणसाला आता आपण आठवडाभर तरी नासणार नाही असा भरवसा वाटतो.

एरवी आपण जिला शांतता म्हणतो, तिच्यात पंखा असतो, शेजारचा नळ असतो, लांबची एखादी मोटार असते. या खोलीत तेवढंही नाही. थोडा वेळ बसलं की कानात आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. मान वळवली तर मणके बोलतात. एकदा विमा विकणारे एक गृहस्थ तिथे भाऊजींची वाट बघत बसले होते. बाहेर आले ते विम्याबद्दल चकार शब्द न काढता चपला घालून निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

भाऊजींच्या मते शांतता दोन प्रकारची असते, एक कोरी आणि एक घरची. कोरी शांतता यंत्रातली. दोन गाण्यांच्या मध्ये ती ठेवली, तर ऐकणाऱ्याला जिना उतरताना एक पायरीच नाहीशी झाल्यासारखं वाटतं. पोटात धस्स होतं. घरची शांतता म्हणजे माणूस बसलेल्या खोलीची. रिकामी खोली आणि माणूस बसलेली खोली यांचा आवाज वेगळा लागतो, कारण माणसाचं अंग थोडा आवाज पिऊन टाकतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लग्नाच्या वर्षी ही खोली तयार झाली, तेव्हा भाऊजींनी माइक सुरू केला, समोर खुर्ची टाकली, तिच्यात न हलता बसले आणि शांतता टेपवर उतरवून घेतली.

"लोक नव्या बायकोला गाणं म्हणून दाखवतात," ताई सांगते. "यांनी मला शांतता ऐकवली. मी म्हटलं, छान आहे हो, चाल कुणाची?"

तेव्हापासून भाऊजींनी जे जे काम केलं त्यात दोन तुकड्यांच्या मध्ये हीच शांतता जोडली. भजनांमध्ये, कोंबड्यांच्या औषधाच्या जाहिरातींमध्ये, मोठ्याने वाचलेल्या पुस्तकांमध्ये, सगळीकडे. टेप गेली, कॉम्प्युटर आला, तरी भाऊजी तिला 'टेप'च म्हणतात. त्यांची ही शांतता आजवर किती घरांत जाऊन बसली असेल ते त्यांनाही ठाऊक नाही.

आणि मग शेपटी आला.

शेपटी हे ताईने ठेवलेलं नाव. चाळिशी ओलांडली तरी केसांची शेपटी बांधणारा हा मनुष्य सायकेडेलिक ट्रान्स नावाच्या संगीताचा संग्रह काढत होता. वेगवेगळ्या कलाकारांची गाणी निवडून, एकापाठोपाठ एक लावून त्यांचा एकच अल्बम करायचा. कलाकारांनी आईबापांनी दिलेली नावं टाकून ग्रह, बुरशी, साप, रसायनं अशी नावं घेतली होती. ताईला ती लक्षात राहीनात, म्हणून तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. दिवसा दवाखाना चालवून संध्याकाळी ही गाणी करणारे दंतवैद्य झाले 'दातवाले'. जोडीने काम करणारी दोन मुलं नात्याने कुणी नव्हती, दिसायलाही वेगळी, पण सतत एकमेकांवर खेकसायची, म्हणून ती 'जुळे'. आणि शेवटचं गाणं केलेली बारीक अंगाची मुलगी, जी आली की नुसती मान हलवायची आणि निघताना तेवढं "येते" म्हणायची, ती 'मौनी'.

हे संगीत म्हणजे एक ठोका. तो सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. जीव घेऊन पळणाऱ्या माणसाच्या काळजासारखा. त्याच्यावर मग किड्यांचे, थेंबांचे, पालींचे, गंजलेल्या बिजागऱ्यांचे आवाज येऊन बसतात आणि उडून जातात. मधेच सगळं थांबतं, कुणीतरी गंभीर आवाजात मेंदूबद्दल किंवा दरवाजाबद्दल एक वाक्य बोलतं आणि ठोका पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाण्याची मोटार बंद करायला उठलो होतो. नंतर मात्र लक्षात आलं की माझा हात मांडीवर ठोका धरतोय, आणि तो मी धरलेला नाही.

शेपटीचं एकच पालुपद होतं. "काका, अजून मोठं करा."

"अरे, आता डोकं छपराला लागलंय," भाऊजी म्हणायचे. "आणखी कुठे वर नेऊ?"

"बघा ना काहीतरी."

छपराला टेकलेल्या माणसाला आणखी वर उचलता येत नाही. मग एकच उरतं, जमीन वर उचलायची. भाऊजींनी गाण्यांमधले सगळे बारीक आवाज वर आणले. म्हणजे दोन गाण्यांच्या मधली शांतताही वर आली. जमीन उचलली की जमिनीत असलेलंही वर येतं, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही.

ऐकून बघण्यासाठी सगळ्यांकडे प्रती गेल्या. आठवड्याने शेपटी धापा टाकत आला.

"काका, त्या श्वासाची कल्पना जबरदस्त!"

"कसला श्वास?"

"गाण्यांच्या मधला. ठोका थांबतो आणि खोलीत कुणीतरी श्वास घेतं. माझ्या अंगावर काटा आला. आधी सांगायचंत तरी!"

"मी काही घातलेलं नाही."

"काय काका, आमच्याशी पण?"

जुळ्यांनी तोवर भांडून घेतलं होतं. 'माझ्या नकळत तू गाण्यात फुंकर मारलीस', असा दोघांचाही एकमेकांवर आरोप होता. दातवाले दवाखाना लवकर बंद करून स्वतः आले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हा झोपलेल्या माणसाचा श्वास नाही," ते म्हणाले. "बसलेल्या माणसाचा आहे. खुर्चीत बसलाय, आणि हलायचं नाही असं त्याला बजावलंय. मी दिवसभर असेच श्वास ऐकतो."

खोलीतल्या सगळ्यांना तो श्वास ऐकू येत होता. दाराशी उभ्या असलेल्या ताईलाही. फक्त भाऊजींना येत नव्हता.

त्यांनी कानांवर हेडफोन घट्ट दाबले, आवाज वाढवला, कमी केला. "काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. ज्याचं पोट कानांवर चालतं, त्याला घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं ते ऐकू येऊ नये! दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात ओट्यावरून एकेक चमचा खाली टाकून त्याचा आवाज कुठवर ऐकू येतो ते तपासत बसले.

"कान बघायचे तर डॉक्टरकडे जा," ताई म्हणाली. "माझ्या चमच्यांना पोचे कशाला पाडताय?"

शेवटी तिने मला बोलावलं. "तू जरा त्यांच्याबरोबर बस. मला मेलीला त्या खोलीत गुदमरतं."

मी भाऊजींच्या मागे, भिंतीकडच्या स्टुलावर बसलो. दार 'थप्प' करून लागलं. गाणं संपत आलं, ठोका थांबला, आणि मला तो ऐकू आला. आत, बाहेर. आत, बाहेर. मग आत येताना जरासा अडखळून, थबकून, बाहेर. काही वाईट नव्हतं त्यात. पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. स्पीकर समोर होते आणि श्वास त्याहून जवळचा वाटत होता.

तेवढ्यात माझं लक्ष भाऊजींच्या पाठीकडे गेलं. त्यांचे खांदे वर जात होते, खाली येत होते. स्पीकरमधला श्वास आत गेला की वर, बाहेर आला की खाली. तो अडखळला, तेव्हा खांदेही अडखळले.

"भाऊजी," मी म्हटलं, "जरा श्वास रोखून धरा बरं."

"कशाला?"

"धरा तर."

खांदे वर गेले. थबकले. मी वाट बघितली. स्पीकरमधला श्वासही आत गेला होता आणि थबकला होता.

"धरलाय की," भाऊजी म्हणाले. बोलण्यासाठी त्यांनी तो सोडला, आणि नेमका त्याच क्षणी तो स्पीकरमधूनही सुटला.

हे सगळं दातवाल्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "सोपं आहे. तो तुमचाच श्वास आहे. त्या खुर्चीत तुम्हीच बसला होतात ना? माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. मेंदू तो वगळतो. नाहीतर आपण सगळे वेडे झालो असतो."

भाऊजींचा जीव भांड्यात पडला. कान शाबूत आहेत म्हटल्यावर ते त्या दिवशी दोन घास जास्त जेवले आणि शेपटीच्या पाठीवर थापही मारली. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ताईच्या डोक्यावर मात्र ते नेमकं तेव्हाच चढलं.

"एक सांग," तिने मला बाजूला घेऊन विचारलं. "टेपमध्ये हे श्वास घेताहेत, ते एक झालं. पण आता टेप घेते म्हणून हे घेताहेत, त्याचं काय?"

"इतकी वर्षं तीच टेप ऐकताहेत. सवय लागली असेल."

"श्वासाची सवय?"



भाऊजी दुपारी खोलीतल्या आरामखुर्चीतच डुलकी काढतात. चार दिवसांनी, गाण्यांचे सांधे पुन्हापुन्हा वाजवून तपासताना त्यांना अशीच डुलकी लागली. दार उघडं होतं, टेप चालू होती. ताईने वर गॅसवर दूध ठेवलं होतं. यंत्र उगाच कशाला चालू, म्हणून ती आत गेली आणि बटण दाबून ते बंद केलं. श्वास नेमका आत गेलेला होता.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "छाती फुगलेली. तशीच राहिली. खाली येईना. मी हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. वरून दूध उतू गेल्याचा वास आला, तरी हे तसेच. मग काय सुचलं देव जाणे, मी ते बटण पुन्हा दाबलं. टेपमधला श्वास सुटला, आणि यांची छाती खाली आली."

"योगायोग असेल गं."

"असेल. पुढचा योगायोग तू बघायला ये. नवरा माझा आहे."

ताई कधी अंगारे-धुपारे करणारी नव्हे. तिने भाऊजींना काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून ते खोलीत असले की ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून भाजी निवडू लागली. आणि यंत्र बंद करायचं तर श्वास बाहेर सुटल्यावरच करायचं, हा नियम तिने शेपटीलाही लावला. कारण विचारलं तर म्हणाली, "मशीन टिकतं त्याने."

अशातच एका दुपारी मौनी आली. तिच्या गाण्यात ठोका हळूहळू मंदावत अगदी थांबतो. अल्बम तिथे संपतो. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि आम्ही तिला ओळखायला लागल्यापासूनचं सगळ्यात लांब बोलली.

"काका, ठोका थांबल्यावर तो श्वास हवा. एकटाच. हळू. मग आणखी हळू. मग बाहेर जाईल आणि परत येणार नाही. तिथे संपवायचं."

भाऊजींचे डोळे चमकले. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. तिथेच संपायला हवं."

"नाही संपायचं." दारात ताई उभी होती. हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी होती.

"अगं, गाण्याचा शेवट आहे तो."

"शेवट करायला त्यांच्याकडे ते बाकीचे किडे-पाखरं आहेत ना? त्यांचा करा म्हणावं."

"श्वास माझा आहे. मी ठरवीन."

"तुमचा कसा?" ताई म्हणाली. "लग्नात सगळा माणूस घेतलाय मी. श्वास सोडून बाकीचा, असं कुणी बोललं नव्हतं."

शेपटीने मध्यस्थी करायला स्वतःचा श्वास देऊ केला. तो उतरवून घेतलाही. पण तो सायकलच्या पंपासारखा निघाला. ताईच्या आग्रहाने माझाही घेतला. माझ्या नाकात शिट्टी वाजते हे त्या दिवशी सर्वांसमोर सिद्ध झालं. भाऊजींनी दोन्ही पुसून टाकले. "खोली घेत नाही यांना," ते म्हणाले.

मग ताईने मला दूत म्हणून पाठवलं. मी आत जाऊन भाऊजींना सगळं सांगितलं, दुधासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"खोटं आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण शेवट तोच बरोबर आहे. बरोबर आहे ते माहीत असून दुसरं केलं, तर यापुढे मी कुठल्या कानाने काम करू?"

मी हे वर जाऊन ताईला सांगितलं. ती बराच वेळ निवडलेली भाजी पुन्हा निवडत बसली. त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आणि ती शांतता ना कोरी होती, ना घरची. तिसऱ्या दिवशी ताई जिना उतरून दाराशी गेली.

"करा," ती म्हणाली. "पण मी आत बसणार. तुमच्या शेजारी."

भाऊजींची पद्धत अशी ठरली. शेवटचं गाणं खोलीतच स्पीकरवर वाजवायचं, माइक उघडा ठेवायचा, आणि गाणं संपल्यावरची खोलीची शांतता त्याच दमात उतरवून घ्यायची. म्हणजे अल्बमच्या शेवटी कोरी जागा येणार नाही. दुपारची वेळ होती. चहा नेहमीप्रमाणे भाऊजींनीच केला होता, दुपारचा चहा तेच करतात. भाऊजी खुर्चीत, माइकच्या अगदी समोर. शेजारी स्टुलावर ताई. मागे मी, शेपटी आणि मौनी.

"कुणी हलायचं नाही," भाऊजी म्हणाले. "काहीही झालं तरी."

'थप्प.' दार लागलं.

ठोका सुरू झाला. इतके दिवस ऐकून मला तो पाठ झाला होता, तरी बंद खोलीत तो जमिनीतून पायात चढत होता. मग तो मंदावला. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. आता थांबला असं वाटायचं आणि आणखी एक यायचा. मग यायचा बंद झाला. आणि तो श्वास एकटाच उरला.

आत, बाहेर.

मला स्पीकरकडे बघायचं होतं, पण मी भाऊजींच्या खांद्यांकडेच बघत होतो. ताईचा हात त्यांच्या पाठीवर होता. खांदे सावकाश वर जात होते, त्याहून सावकाश खाली येत होते. मौनीने ओढणी मुठीत धरली होती. आत. मध्ये इतका वेळ गेला की मीच दोनदा श्वास घेतला. बाहेर. आत, जरासा अडखळून, थबकून.

बाहेर.

तो बाहेर गेला. खांदे खाली आले. स्पीकर आता मोकळे होते, टेप संपली होती. माइकवरचा बारीक लाल दिवा तेवढा जळत होता. मी खांद्यांकडे बघत राहिलो. ते वर आले नाहीत.

खोलीत आता कसलाच आवाज नव्हता. माझं रक्त माझ्या कानात धावत होतं. शेपटीने माझा दंड धरला, आणि त्याची बोटं बर्फासारखी होती. भाऊजी ताठ बसले होते, हात मांड्यांवर, समोर बघत. खांदे खालीच होते.

ताईने त्यांच्या पाठीवरचा हात काढला नाही. रडली नाही, ओरडली नाही. रोज जिन्यावरून विचारते, तसंच तिने विचारलं.

"अहो, गॅस बंद केला का?"

आणि भाऊजींनी श्वास घेतला. मोठा, खरखरीत, बुडलेला माणूस वर येऊन घेतो तसा.

"केला," ते म्हणाले. मग त्यांना भान आलं. "अगं, रेकॉर्डिंग चालू आहे ना! सगळं घालवलंस!"

"घालवलं तर घालवलं," ताई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं.

"काकू," मागून मौनी म्हणाली, "हे राहू दे."

ते तसंच राहिलं. या जातीच्या गाण्यांत मधेच कुणीतरी काहीतरी बोलतं, हे मी सांगितलंच. अल्बम निघाला. मेंदू, अवकाश आणि दरवाजे यांच्याविषयीची गंभीर वाक्यं संपल्यावर, सगळ्यात शेवटी एक बाई गॅसबद्दल विचारतात. शेपटी सांगतो, ऐकणारे कितीतरी लोक तिथे उठून स्वयंपाकघरात बघून येतात. जुळ्यांच्या मते अल्बममधलं सगळ्यात खोल वाक्य तेच आहे. या एका गोष्टीवर त्या दोघांचं एकमत झालंय.

एक गोष्ट आम्ही बाहेर बोलत नाही. ती शेवटची शांतता भाऊजींनी नंतर खूप मोठी करून ऐकली, जमीन उचलून. आम्हीही बसलो होतो. तिच्यात माझ्या नाकाची शिट्टी आहे. शेपटीचा गुडघा वाजलेला आहे. मौनीची ओढणी सळसळते. ताईचा श्वास आहे, जलद आणि उथळ. माइकच्या सगळ्यात जवळ भाऊजी होते. 'अहो'च्या आधी त्यांचं काही नाही.

"मला माझा ऐकू येत नाही, ते ठरलेलंच आहे," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं.

आम्हालाही येत नव्हता. ताईने उठून दार उघडलं.

भाऊजींचं काम चालू आहे. हल्ली ते नवी शांतता वापरतात. तिच्यासाठी दोन खुर्च्या टाकल्या होत्या, आणि ताईने बसल्या बसल्या लसूण सोलला. त्या शांततेत सालं वाजतात, पण कुणी तक्रार केलेली नाही. जुनी टेप मात्र त्या अल्बममधून कुठे कुठे पोचली आहे, आणि तिथून ती परत आणता येत नाही. म्हणून ताईच्या हट्टापायी अल्बमच्या वेष्टनावर एक ओळ छापली आहे: 'सुरू केल्यास शेवटपर्यंत ऐकावा. मधेच बंद करू नये.' लोकांना त्यात फार मोठं तत्त्वज्ञान दिसतं.

पण लोक ते. सगळेच कुठे ऐकतात? कुणाचा फोन वाजतो, कुणाची बेल, कुणाचं दूध उतू जातं.

परवा जेवायला त्यांच्याकडे होतो. भाऊजी मला काहीतरी सांगत होते. घास हातात होता, वाक्य अर्धं झालं होतं, आणि ते थांबले. हात तसाच हवेत. छाती फुगलेली. डोळे माझ्यावर, पण मला बघत नसलेले.

ताईने पानातून मान वर केली नाही.

"कुणीतरी मधेच बंद केलं वाटतं," ती म्हणाली. आणि मग, जरा मोठ्याने, "अहो, मीठ कमी आहे का?"

भाऊजींनी श्वास सोडला. "नाही," ते म्हणाले, "ठीक आहे," आणि घास तोंडात घातला.